घटोत्कचाची चाल : एस. व्ही. रंगाराव या चरित्र अभिनेत्याचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या पोराला तेलुगू मुद्दाम शिकावी लागत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटातून ती कानावर पडतच राहते. आमच्या शेजारी एक पद्मशाली कुटुंब होतं. त्या घरातल्या आजी कुठल्याही लग्नाच्या पंगतीत पहिला लाडू वाढला गेला की हलकेच 'विवाह भोजनंबु' गुणगुणायच्या आणि पोट धरून मोठ्यानं हसायच्या. ते हसणं त्यांचं नव्हतं. 1957 च्या 'मायाबजार' या तेलुगू चित्रपटातल्या घटोत्कचाचं होतं, म्हणजे एस. व्ही. रंगाराव यांचं. आजींना चित्रपटाचा दिग्दर्शक ठाऊक नव्हता. कृष्ण झालेले एन. टी. रामाराव ठाऊक होते, पण त्यांची नक्कल त्यांनी कधी केली नाही. नक्कल व्हायची ती घटोत्कचाची.

पुढे हौशी नाटकांच्या तालमी घ्यायला लागलो तेव्हा हे दृश्य पुन्हा पुन्हा आठवायचं. आमच्याकडे प्रत्येकाला मुख्य भूमिका हवी असते. दुय्यम भूमिका वाट्याला आली की नट तालमीला उशिरा येऊ लागतो. अशा प्रत्येक नटाला मी रंगारावांचं प्रकरण सांगत आलो आहे. ते आज सविस्तर लिहितो.

प्रश्न असा आहे. नायक म्हणून पहिल्याच चित्रपटात पडलेला आणि सिनेमा सोडून पोटापाण्याच्या नोकरीत गेलेला एक माणूस परत येतो. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी खलनायक होतो, छत्तिसाव्या वर्षी बाप होतो, अडतिसाव्या वर्षी राक्षस होतो. नायकांच्या नावावर चालणाऱ्या तेलुगू चित्रसृष्टीत त्याचं स्थान असं पक्कं होतं की त्याच्या जागी दुसरं कुणी सुचत नाही. हे जमलं कसं?

बहुतेकजण उत्तर देतात, 'बहुरूपी नट होता.' मला ते पुरेसं वाटत नाही. वेगवेगळ्या दाढ्या आणि मुकुट लावणारे नट तेव्हाच्या मद्रासमध्ये पुष्कळ होते. रंगारावांचं गमक वेषांतरात नव्हतं. प्रत्येक भूमिकेत त्यांनी समोरच्या पात्राला वजन दिलं आणि स्वतःच्या पात्राला आतलं कारण दिलं. 'मायाबजार'मध्ये ते सर्वांत स्पष्ट दिसतं, म्हणून हा लेख मुख्यतः तिथे रेंगाळणार आहे.

बंबवाला अधिकारी

सामर्ल वेंकट रंगाराव यांचा जन्म 3 जुलै 1918 चा, तेव्हाच्या कृष्णा जिल्ह्यातल्या नूझिवीडूचा. वडील अबकारी खात्यात होते. शाळेचा काही काळ मद्रासमध्ये आजीजवळ गेला. ही गोष्ट वरकरणी किरकोळ वाटते, पण तमिळ त्यांना त्यामुळे लहानपणीच मिळाली. तिचं महत्त्व पुढे कळेल. काकिनाड्याला शिकताना ते तिथल्या यंग मेन्स हॅपी क्लबच्या नाटकांत उतरले. याच संस्थेच्या रंगमंचावर पुढे चित्रपटात गाजलेल्या अंजलीदेवी आणि संगीतकार आदिनारायणराव हेही होते. किनारपट्टीच्या आंध्रातली ती हौशी रंगभूमी म्हणजे आपल्याकडच्या गणेशोत्सवातल्या नाटकांसारखीच: पैसा नाही, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाच पाहिजे.

पदवी घेऊन ते अग्निशमन दलात अधिकारी झाले. बंदर, म्हणजे आजचं मछलीपट्टण, आणि विजयनगरम इथे त्यांनी नोकरी केली. मग नात्यातल्या एका दिग्दर्शकानं, बी. व्ही. रामानंदम यांनी, 'वरूधिनी' या चित्रपटात त्यांना थेट नायक केलं. 1946-47 चा सुमार. तेलुगू साहित्यात अल्लसानी पेद्दना या विजयनगर दरबारातल्या कवीचं 'मनुचरित्र' फार मानाचं. त्यातला प्रवर हा देखणा, सोवळा ब्राह्मण, अप्सरेच्या विनवणीलाही न बधणारा. रंगाराव तो प्रवर झाले.

चित्रपट पडला. आणि नायकाच्या बाबतीत चित्रपट पडणं म्हणजे माणूस पडणं. रंगारावांना पुढचं बोलावणं आलं नाही. त्यांनी जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि लग्न केलं. इथे हे प्रकरण संपायला हरकत नव्हती. बहुतेकांचं इथेच संपतं.

मला त्या पडण्यात एक सुटका दिसते. प्रवराच्या भूमिकेत नटाला काही करायचं नसतं, फक्त असायचं असतं: सुंदर, निश्चल, मोहाच्या पलीकडचा. रंगारावांची अंगकाठी भरदार, डोळे मोठे, आवाज खोल आणि खर्जातला. हा देह मोह नाकारण्यासाठी घडलेला नव्हता. ज्यांना काहीतरी हवं असतं, भूक असते, सत्तेची किंवा मायेची किंवा नुसत्या लाडवांची, अशा माणसांसाठी तो घडलेला होता.

मद्रासचा बाजार

परत आल्यावर त्यांना 'मन देशम' आणि 'पल्लेटूरि पिल्ला' यांत छोटी कामं मिळाली. 'मन देशम' हा एन. टी. रामाराव यांचा पहिला चित्रपट. मग 1950 मध्ये विजया प्रॉडक्शन्सचा पहिला चित्रपट 'शावुकारु' आला. एल. व्ही. प्रसाद यांनी दिग्दर्शित केलेला. त्यात सुन्नम रंगडु नावाचा गावगुंड रंगारावांनी केला.

तेव्हा तेलुगू सिनेमा आंध्रात बनत नव्हता, मद्रासमध्ये बनत होता. विजयाचे मालक नागी रेड्डी आणि चक्रपाणी. स्टुडिओत लेखक, छायाचित्रकार, कलादिग्दर्शक, नट असे सगळे बांधलेले, आपल्याकडच्या प्रभातसारखे. असे मोठे चित्रपट तेलुगू आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी घेतले जायचे. सेट तोच, कपडे तेच, छायाचित्रण तेच. बदलायचे ते काही नट, विशेषतः नायक आणि विनोदी नट, कारण प्रत्येक भाषेच्या प्रेक्षकांना आपला माणूस हवा असायचा. 'मायाबजार'च्या तेलुगू आवृत्तीत अभिमन्यू अक्किनेनी नागेश्वरराव आहेत, तमिळमध्ये जेमिनी गणेशन. लक्ष्मणकुमार तेलुगूत रेलंगी, तमिळमध्ये तंगवेलू. घटोत्कच मात्र दोन्हीकडे रंगारावच.

चरित्र अभिनेत्याच्या यशाबद्दल बोलताना आपण प्रतिभेबद्दल बोलतो आणि हा व्यवहार विसरतो. दोन्ही भाषा स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या आवाजात बोलू शकणारा नट निर्मात्याला परवडतो. मद्रासच्या शाळेत कानावर पडलेली तमिळ इथे कामी आली. 1960 च्या 'पडिक्काद मेदै'मध्ये शिवाजी गणेशन यांच्यासमोर, 1963 च्या 'नानुम ओरु पेण'मध्ये आणि इतरही अनेक चित्रपटांत तमिळ प्रेक्षकांनी रंगारावांना आपलाच थोरला माणूस म्हणून स्वीकारलं.

नेपाळचा मांत्रिक

1951 चा 'पाताळ भैरवी'. दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी, कथा-संवाद पिंगळी नागेंद्रराव, कॅमेरा मार्कस बार्टली. उज्जयिनीच्या राजकन्येवर जीव जडलेला माळ्याचा मुलगा तोट रामुडु म्हणजे रामाराव. त्याला बळी देऊन देवीकडून इच्छापूर्तीची मूर्ती मिळवू पाहणारा नेपाळचा मांत्रिक म्हणजे रंगाराव. नायकाचं वय 27, मांत्रिकाचं 32.

मांत्रिक नायकाला चिथावतो : 'साहसं सेयरा डिंभका, राजकुमारी लभिंचुनुरा.' साहस कर रे पोरा, राजकन्या मिळेल. 'डिंभक' हा संस्कृतातला शब्द तेलुगू खेड्यांत त्या वाक्यामुळे रोजचा झाला. आजही तेलुगू माणूस मित्राला अवघड कामाला ढकलायचं असलं की हेच वाक्य टाकतो. वाक्य नायकाचं नाही, हे लक्षात घ्या.

रंगाराव हे वाक्य कसं म्हणतात? ओरडून नाही. ते गोड बोलतात. आवाज एकदम खाली आणतात, 'डिंभका'वर रेंगाळतात, जणू आजोबा नातवाला गोष्ट सांगताहेत. मांत्रिकाला खरंच वाटतं की तो या पोराचं भलं करतोय, निदान बळी देईपर्यंत. त्यामुळे प्रेक्षक त्याला घाबरतो आणि त्याच्याजवळही सरकतो. तोवरच्या पौराणिक खलनायकांमध्ये आरडाओरडा पुष्कळ होता. रंगारावांनी आवाज खाली घेतला आणि क्वचितच वर नेला. म्हणून वर नेला की थिएटर दचकायचं.

1952 मध्ये मुंबईत देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तिथे 'पाताळ भैरवी' दाखवला गेला. आंध्रात तर तो तुफान चालला. रामाराव तिथून तारे झाले. आणि रंगाराव असे नट झाले की ताऱ्याला उजेड पडायला ते समोर लागतात.

बापाचं गणित

इथे थोडा हिशेब मांडतो. 1955 चा 'मिस्सम्मा'. सावित्री त्यात हरवलेली मुलगी, आणि तिचा जमीनदार बाप रंगाराव, वय 36. रामाराव 31 चे. 1962 चा 'गुंडम्म कथा'. रामाराव आणि नागेश्वरराव सख्खे भाऊ, त्यांचा बाप रंगाराव. चित्रपट लागला तेव्हा बाप 43 वर्षांचा, थोरला मुलगा 39 चा, धाकटा 37 चा. मुलांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा बाप.

आणि कुणालाही ते खटकत नाही! मी तो चित्रपट कितीदा पाहिला असेल. प्रत्येक वेळी गणित डोक्यात ठेवून बसतो आणि दहा मिनिटांत विसरतो. केस पांढरे केले म्हणून हे होत नाही. रंगाराव बसतात तेव्हा खुर्ची भरून बसतात, उठताना थोडा वेळ घेतात, मुलाचं बोलणं पूर्ण ऐकून घेतात आणि उत्तर देण्याआधी नजर दुसरीकडे नेतात. घरात ज्याचा शब्द शेवटचा असतो त्या माणसाला घाई नसते. ही घाई नसणं त्यांनी पकडलं होतं. समोर सूर्यकांतम या नटीची तोंडाळ, कजाग गुंडम्मा आणि हा शांत, मिश्कील बाप. त्या दोघांमुळे घर घरासारखं वाटतं.

1955 चाच 'बंगारु पापा' मला याहूनही थोर वाटतो. वौहिनी या चित्रसंस्थेच्या बी. एन. रेड्डी यांनी दिग्दर्शित केलेला. त्यातला कोटय्या हा लोहार, जगाकडून दगा खाल्लेला, दगड झालेला. त्याच्या पदरात एक टाकून दिलेली मुलगी येते. एका दांडग्या, रागीट देहात माया कशी शिरते हे रंगारावांनी त्यात पायरीपायरीनं दाखवलं आहे. आधी बोटं बदलतात, मग खांदे, आवाज सर्वांत शेवटी. आमच्या तालमीत मी मुलांना सांगतो की संवाद आधी बदलू नका, हात आधी बदला. हे मी कोटय्याकडून शिकलो.

मायाबजार

मराठी वाचकाला ही गोष्ट वत्सलाहरण म्हणून माहीत असते. बलरामाची मुलगी वत्सला, तिचं अभिमन्यूशी ठरलेलं लग्न, पांडव वनवासात गेल्यावर बलरामाच्या घरातून आलेला नकार, दुर्योधनाच्या मुलाशी, लक्ष्मणाशी जुळवलेली सोयरीक, आणि घटोत्कचानं घातलेला गोंधळ. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनंही मूकपटांच्या काळात या कथेला हात घातला होता. तेलुगूत वत्सलेची शशिरेखा झाली. ती गोष्ट तिकडच्या रंगभूमीवर कितीतरी आधीपासून खेळली जात होती. त्यात सुरभी नाटक मंडळींचा 'मायाबजार' दोऱ्या, पडदे आणि हवेत उडणारी पात्रं यांसाठी प्रसिद्ध.

या सुरभी मंडळींचं आपल्याशी नातं आहे, म्हणून जरा थांबतो. ही कुटुंबं मूळची महाराष्ट्रातून गेलेली. आधी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारी, पुढे नाटकाकडे वळलेली. कडपा जिल्ह्यातल्या सुरभी गावात 1885 मध्ये त्यांनी पहिलं नाटक केलं आणि गावाचंच नाव मंडळींना लागलं. घरात बोलली जाणारी भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच एक बोली राहिली. त्यांचं ते पहिलं नाटक होतं 'कीचकवधम्'. कीचक पुढे येणार आहे, म्हणून हे लक्षात असू द्या.

के. व्ही. रेड्डींच्या 'मायाबजार'मध्ये कोण नाही! कृष्ण रामाराव, अभिमन्यू नागेश्वरराव, शशिरेखा सावित्री, बलराम गुम्मडी, शकुनी सी. एस. आर., हिडिंबा सूर्यकांतम. आणखी एक गंमत म्हणजे पांडवांवर बेतलेल्या या गोष्टीत पांडव पडद्यावर येतच नाहीत. घटोत्कच येतो तोही कथा बरीच पुढे सरकल्यावर. तोवर प्रेक्षकांनी प्रेम पाहिलं, चांदण्यातली नाव पाहिली, घरातलं राजकारण पाहिलं. मग अरण्यात, आईच्या आश्रमाजवळ, हा गदा घेऊन उभा राहतो. आधी न ओळखता अभिमन्यूशी भिडतो. ओळख पटताच सुभद्रेपुढे लहान मुलासारखा नमतो.

त्या नमण्यात सगळी भूमिका आहे. राक्षस ताकदवान असणार हे कुणीही दाखवील. रंगारावांचा घटोत्कच घरातल्या मोठ्यांचा आज्ञाधारक पोर आहे, धाकट्या भावाचा लाडका दादा आहे, आपल्या मंडळींचा राजा आहे आणि अन्नाचा वेडा आहे. चारही एकाच वेळी. एक रूप काढून दुसरं चढवल्यासारखं कुठे वाटत नाही. लग्नघरात धावपळ करणारा, मोठ्यानं हसणारा, जेवायला बसला की उठायचं नाव न घेणारा आणि बहिणीच्या डोळ्यात पाणी आलं की समोरच्याचं मुंडकं मुरगाळायला निघणारा एखादा मामा प्रत्येक घरात असतो. घटोत्कच तो मामा आहे.

भाषेबद्दलही सांगायला हवं. पिंगळींनी राक्षसांना एक स्वतंत्र बोली दिली. 'अस्मदीय' म्हणजे आपले हे संस्कृत जाणणाऱ्या मराठी माणसालाही कळेल. राक्षस शिष्य त्याचा 'असमदीयुलु' करतात आणि आपले नाहीत त्यांना बेधडक 'तसमदीयुलु' म्हणून मोकळे होतात. असा शब्दच नाही. गुरू चिडतो. घटोत्कच मात्र खूश होतो : कुणी घडवलेच नाहीत तर शब्द जन्माला येणार कसे? घाला याच्या गळ्यात वीरताडु! वीरताडु म्हणजे शाबासकीचा दोरखंड. तेलुगूत हे संवाद अक्षरशः म्हणींसारखे वापरले जातात. लिहिले पिंगळींनी, पण रुजले ते रंगारावांच्या तोंडून. ते वाक्य ते विनोदासाठी फेकत नाहीत. एखाद्या उदार राजानं भर दरबारात विद्वानाचा सत्कार करावा तितक्या गांभीर्यानं म्हणतात. त्या गांभीर्यामुळेच हसू येतं. आपल्याकडे विनोदी वाक्य आलं की नट आधी स्वतः हसतो. त्या प्रत्येकाला हा प्रसंग दाखवावा.

मग ते जेवण. 'विवाह भोजनंबु' माधवपेद्दी सत्यम यांच्या आवाजात. ताटंच्या ताटं आपोआप रिकामी होतात, लाडू उडत येऊन तोंडात पडतात. बार्टलींच्या कॅमेऱ्याची करामत, त्या काळाच्या मानानं थक्क करणारी. पण ती करामत निर्जीव राहिली असती. लाडू उडत येतोय हे चित्रीकरणाच्या वेळी नटाला कल्पनेनंच पाहावं लागतं. रंगारावांची नजर बघा. लाडू येण्याआधी ती त्याच्यावर लागलेली असते, तोंड नेमकं उघडतं, आणि गिळल्यावर चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते खऱ्या भुकेल्या माणसाचं आहे. 'वरूधिनी'त मोह नाकारताना अवघडलेला तोच देह इथे हवं ते पोटभर खातोय.

पण या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा रंगाराव पडद्यावर नसताना मिळतो.

घटोत्कच झोपलेल्या शशिरेखेला पलंगासकट उचलून नेतो आणि स्वतः शशिरेखेचं रूप घेऊन लग्नघरात जाऊन बसतो. म्हणजे आता पडद्यावर सावित्री दिसते, पण ती सावित्री नाही, घटोत्कच आहे. आणि सावित्री काय करतात? रंगाराव होतात. पाय रुंद टाकतात, खांदे फेकतात, मान वळवण्याची ती पद्धत, डोळे वटारणं, एकदम लाजायचं आठवून पदर सावरणं, आणि वराचा पाय असा चिरडणं की रेलंगी कळवळतात. 'आहा ना पेळ्ळंट' या गाण्यात मध्येच पुरुषी आवाज फुटतो आणि पुन्हा नाजूक होतो. हॉल कोसळतो.

विचार करा, हे कशामुळे शक्य झालं? राजकन्येच्या वेषातल्या बाईत घटोत्कच ओळखू यायचा तर आधी घटोत्कचाची चाल प्रेक्षकांच्या मनात घट्ट बसलेली हवी. ती काही थोड्या प्रसंगांत बसवायची होती आणि रंगारावांनी ती बसवली. सावित्रींचा तो अभिनय असामान्य आहेच. पण तो ज्यावर उभा आहे ते जोतं रंगारावांनी आधी रचून दिलं. सहायक भूमिका म्हणजे काय हे मला याहून चांगलं कुठेच दिसलेलं नाही. नायिकेला तिच्या आयुष्यातला एक सर्वोत्तम प्रसंग मिळावा म्हणून दुसऱ्या नटानं आधी आपलं शरीर तिला वापरायला दिलं. आणि दोघंही मोठे झाले.

कीचक

मराठी माणसानं कीचक म्हटलं की खाडिलकरांचं 1907 चं नाटक आठवतं, कीचकाच्या आडून लॉर्ड कर्झनवर नेम धरणारं आणि 1910 मध्ये सरकारनं बंद पाडलेलं. आमच्या डोळ्यांत तो कीचक म्हणजे उन्मत्त सत्ता. सुरभीच्या मराठी मुळाच्या मंडळींनी तेलुगू रंगभूमीवर पहिला आणला तोही कीचकच.

1963 च्या 'नर्तनशाला'त कमलाकर कामेश्वरराव यांनी तो रंगारावांना दिला. समोर सैरंध्रीच्या भूमिकेत सावित्री, बृहन्नडेच्या भूमिकेत रामाराव. कीचकाची भूमिका लांबीनं मोठी नाही, त्याचा वध झाल्यावरही चित्रपट पुष्कळ उरतो. रंगारावांचा कीचक आरडत नाही. राजाचा मेहुणा आहे, खरं राज्य आपणच चालवतो हे त्याला ठाऊक आहे आणि बाकीच्यांनाही. तो सैरंध्रीकडे बघतो ते एखादी वस्तू पसंत पडल्यासारखं, संथपणे. नकार त्यानं आयुष्यात ऐकलेलाच नाही, म्हणून नकार ऐकल्यावर आधी राग येत नाही, नवल वाटतं. मला त्या नवलाची भीती वाटते. रागावलेल्या माणसापासून पळता येतं. ज्याला नकार हा शब्दच कळत नाही त्याच्यापासून कुठे पळायचं? भीमाच्या भूमिकेत दंडमूडी राजगोपाल हे खरेखुरे वेटलिफ्टर होते. त्यामुळे शेवटच्या झुंजीला वजन आलं, पण तोवर प्रेक्षकांच्या मनात कीचकाचा वध झालेलाच असतो.

1964 मध्ये जकार्ताच्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात या भूमिकेसाठी रंगारावांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. चित्रपटात नायक दुसरा, पुरस्काराचा नट हा. त्याच वर्षी 'बोब्बिली युद्धम'मध्ये ते तांड्र पापारायुडु झाले. म्हणजे विजयनगरमच्या राजाला मारणारा बोब्बिलीचा वीर. ज्या विजयनगरमला तरुणपणी ते आग विझवायला होते तिथल्याच राजाला!

जे जमलं नाही

प्रकरण प्रामाणिकपणे मांडायचं तर हेही लिहायला हवं. रंगारावांना प्रत्येक वेळी चांगली भूमिका मिळाली नाही. कंस, रावण, दुर्योधन, हिरण्यकशिपू, नरकासुर : एकदा साचा सापडल्यावर निर्मात्यांनी तो पुन्हा पुन्हा वापरला. 1967 च्या 'भक्त प्रह्लाद'मधला हिरण्यकशिपू थोर आहे, कारण त्यात बापाची तळमळ आहे. स्वतःच्या लेकराला मारण्याची आज्ञा देतानाचा चेहरा दगडाचा नाही, फुटणाऱ्या दगडाचा आहे. पण असे काही सोडले तर बाकी राक्षस मुकुटापुरतेच वेगळे. सत्तरच्या दशकात तर सोसणारा, मुलांनी टाकलेला म्हातारा हा नवा साचा झाला. 'ताता मनवडु'सारख्या चित्रपटांत त्यांनी तोही मनापासून केला, तरी पटकथा त्यांच्या उंचीच्या नव्हत्या असं मला स्पष्ट वाटतं.

मुख्य भूमिकाही मधूनमधून झाल्या. 1956 मध्ये ते हरिश्चंद्र होते. पण लोकांच्या मनात तो हरिश्चंद्र घटोत्कचाइतका उरला नाही. दिग्दर्शनही केलं : 1967 चा 'चदरंगम' आणि 1968 चा 'बांधव्यालु'. दोन्हींना आंध्र सरकारचे नंदी पुरस्कार मिळाले, आणि दोन्ही विषय घरातले, नात्यांचे. राक्षस म्हणून गाजलेल्या माणसानं स्वतः गोष्ट सांगायची ठरवली तेव्हा घरातल्या नात्यांची सांगितली, हे मला फार बोलकं वाटतं.

तेलुगू लोकांनी त्यांना विश्वनटचक्रवर्ती म्हटलं. पद्म पुरस्कार मात्र मिळाला नाही. 2013 मध्ये भारतीय सिनेमाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या टपाल तिकिटांत त्यांचं तिकीट होतं. सोलापुरातल्या त्या आजी तोवर गेल्या होत्या, नाहीतर एक तिकीट त्यांच्या देव्हाऱ्यात नक्की गेलं असतं.

18 जुलै 1974 ला मद्रासमध्ये हृदयविकारानं ते गेले. छप्पन्नावं वर्ष नुकतंच पुरं झालं होतं. 'यशोदा कृष्णा' त्यांच्या मागे, 1975 मध्ये लागला. त्यात ते कंस होते.

गेल्या वर्षी आमच्या तालमीत एका मुलीला छोटी भूमिका आली म्हणून ती रुसून बसली होती. मी तिला काही समजावलं नाही. 'मायाबजार'मधला तो लग्नघराचा प्रसंग लावला आणि आवाज बंद केला. सावित्री चालत आल्या. मुलीनं दोन क्षण पाहिलं आणि विचारलं, "सर, ही बाई अशी का चालते? ही कुणाची चाल आहे?"

मग आम्ही चित्रपट मागे नेला आणि अरण्यापासून पाहायला सुरुवात केली.